त्यांना सांग

जोनेलच्या आईचं नाव मी इथे घेणार नाही. गेलेल्या माणसाचं नाव आमच्यात बराच काळ घेत नाहीत, आणि अजून तेवढा काळ गेलेला नाही. ती माझी थोरली जाऊ होती, म्हणून मी तिला जाऊबाई म्हणेन आणि तुम्हीही तेवढंच म्हणा.

त्या वर्षी थंडीत पाऊस आला. आमच्या थ्री बकेट वस्तीवर थंडीत पाऊस पडत नाही. पडतं ते दव, आणि तेही बाहेर झोपलेल्या कुत्र्यांच्या पाठीवर. हा पाऊस मात्र पाहुण्यासारखा आला आणि जायचं नावच घेईना. लाल मातीचा रबडा झाला, नदीवरचा रस्ता वाहून गेला आणि दुकानाचा ट्रक पलीकडच्या काठावर अडकून पडला. दुकान मी चालवते. पीठ संपलं, चहा संपला, पर्सीच्या कानातल्या मशीनचे सेलसुद्धा त्याच ट्रकमध्ये राहिले. पर्सी माझा नवरा. मशीन नसलं की त्याला माझं बोलणं ऐकू येत नाही, त्यामुळे त्या दिवसांत तो बराच खुशीत होता.

रस्ता बांधायचा तर खडी पाहिजे, आणि खडी आमच्या डोंगरात. खाण आमची आहे. पूर्वी ती परक्यांची होती. त्यांनी डोंगर फोडून नेला आणि आमच्यासाठी धूळ ठेवली. आमच्या सासऱ्यांच्या पिढीने भांडून ती परत घेतली. आता त्या खडीच्या पैशावर म्हाताऱ्यांची दवाखान्याची गाडी चालते, शाळेतल्या पोरांची न्याहारी शिजते, शहरात मेलेलं माणूस मातीसाठी घरी येतं. माझ्या दुकानाचा फ्रीजही त्या खडीवरच थंड राहतो.

डोंगर म्हणजे पोटावर पडलेली घोरपड. डोकं आणि पोट यांना हात लावायचा नाही, शेपटीकडचं तेवढं फोडायचं, असं जाणत्यांनी ठरवून दिलेलं आहे. जाऊबाईच्या बापाचा तो डोंगर. म्हणून तिचा धाकटा भाऊ रेक्स खाणीचा मुख्य होता आणि ती स्वतः पाण्याचा टँकर चालवायची, खाणीतली धूळ बसवायला. पर्सी दगडाची खडी करायच्या क्रशरवर, जोनेल वजनकाट्याच्या खोलीत, आणि दगड ट्रकमध्ये भरायच्या लोडरवर जोनेलचा नवरा लेस्टर.

आता सासू आणि जावई एका खाणीत म्हटल्यावर पंचाईत आलीच. आमच्यात सासू-जावयाने एकमेकांशी बोलायचं नसतं, एकमेकांकडे बघायचं नसतं, समोरून सासू आली तर जावयाने पाठ फिरवून लांब व्हायचं असतं. भांडण नसतं ते, मान असतो. लेस्टर शेजारच्या वस्तीचा. पोरीला घेऊन कुठे लांब गेला नाही, सासूच्या गावात येऊन राबला, म्हणून जाऊबाईचा त्याच्यावर जीव होता. तिने त्याचा चेहरा नीट पाहिलेला नव्हता, पण त्याच्या जेवणात मटणाचा चांगला तुकडा पडतो की नाही यावर तिची नजर असायची.

वायरलेसवर त्यांचं चालायचं ते जोनेलमार्फत.

"जोनेल, त्यांना सांग, उताराला चिखल झालाय. दमानं या म्हणावं."

सासूचा आवाज आला की लेस्टर बटण फिरवून वायरलेस बंद करायचा. सासूचा आवाज ऐकत बसणं बरं दिसत नाही. थोड्या वेळाने परत चालू करायचा, तोवर जोनेल बोलायला लागलेली असायची.

"ए, आई म्हणते उताराला चिखल आहे, दमानं ये."

"त्यांना सांग, बरं."

"आई, बरं म्हणतो."

"ऐकलं मी."

"ऐकलंस ना? मग मला कशाला मध्ये घालता दोघं? पोपट आहे का मी?"

सगळी खाण हसायची. ट्रकवाले मुद्दाम वायरलेसवर शीळ घालायचे.

पाऊस थांबल्यावर रस्तेखात्याचा साहेब छोट्या विमानातून आला. ब्रॅम्वेल त्याचं नाव. नाक उन्हाने सोललेलं, माणूस वाईट नव्हता. त्याने सगळ्यांना वजनकाट्याच्या खोलीत बोलावलं. जाऊबाई आत बसली होती म्हणून लेस्टर खिडकीबाहेर पाठमोरा उभा राहिला.

"तो बाहेर का?" साहेबाने विचारलं.

"आई आत आहे ना," जोनेल म्हणाली.

"घरची भांडणं घरी ठेवा. इथं काम आहे."

"भांडण नाही साहेब," रेक्स म्हणाला. "रीत आहे ती."

साहेबाने खिडकीबाहेर एकदा पाहिलं. मग म्हणाला, "रीत असू दे. पण खाणीत ज्याला धोका दिसेल त्यानं थेट सांगायचं. मध्ये तिसरा माणूस चालणार नाही. उद्या तो तिसरा माणूस जागेवर नसला तर?"

बोलला ते खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं. मग त्याने टेबलावरचा वायरलेस उचलून जाऊबाईच्या हातात दिला. "बाई, माझ्यासमोर एकदा त्याला हाक मारून दाखवा. एवढंच."

जाऊबाई तो वायरलेस मांडीवर धरून बसली. थंडीचे दिवस, तरी तिच्या वरच्या ओठावर घाम आला. खोलीतले सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. बाहेर लेस्टरने डोक्यावरची लोकरी टोपी कानांवर ओढली आणि तो कुंपणापर्यंत चालत गेला, म्हणजे ती चुकून बोललीच तर त्याला ऐकू येऊ नये. साठीची बाई, सगळ्या वस्तीला दटावणारी, ती त्या परक्या माणसासमोर शाळेत धडा न आलेल्या पोरीसारखी बसली होती. शेवटी रेक्सने तिच्या हातातून वायरलेस काढून घेतला.

"मी बघतो साहेब. होईल."

"झालं पाहिजे. आणि खडी वेळेत पोचली पाहिजे. शहरात दुसऱ्या कंपनीचा क्रशर ट्रेलरवर चढवून तयार आहे. मला आणायचा नाही तो. पण रस्ता थांबणार नाही माझ्यासाठी."

जाऊबाई उठली आणि मागच्या दाराने बाहेर गेली. मग लेस्टर आत आला आणि साहेबाला सगळं पहिल्यापासून परत सांगावं लागलं.

त्याच विमानातून जोनेल गेली. बाळंतपण जवळ आलं की आमच्या बायकांना शहरात जाऊन राहावं लागतं. पोट धरून विमानाची शिडी चढताना ती पर्सीला ओरडून सांगत होती, "काका, आता मधला माणूस तू! आई बोलली की त्याला सांग, तो बोलला की आईला सांग. स्वतःच्या मनचं घालू नकोस!"

"हो, घालतो," पर्सी म्हणाला.

विमान वर गेलं. जाऊबाई धावपट्टीच्या या टोकाला उभी होती, लेस्टर त्या टोकाला. दोघांचे हात एकाच वेळी वर झाले.

मग कामाला तोंड फुटलं. पहाटे कुडकुडत माणसं खाणीत जायची आणि अंधार पडताना डोळ्यांपर्यंत दगडाची भुकटी लावून परत यायची. हात धुतले तरी नखांत पांढरं राहायचं. पीठ नव्हतं म्हणून राखेतली भाकरी नव्हती. कांगारूचं शेपूट निखाऱ्यांत भाजायचं आणि नुसत्या पाण्याबरोबर खायचं. लेस्टर सगळ्यांच्या आधी जायचा आणि शेवटी यायचा. लोडरच्या धक्क्यांनी त्याची कंबर धरली होती. माझ्या दुकानात आला की काउंटरला दोन्ही हात टेकून उभा राहायचा.

"बस की रे."

"बसलो तर उठता यायचं नाही काकू."

शेपटीकडचा चांगला दगड आता एकाच ठिकाणी उरला होता, उत्तरेच्या भिंतीत. भिंत म्हणजे डोंगराचा सरळ तासलेला कडा. सुरुंग पावसाच्या आधीच लावून झालेला होता. खाली दगडांचा ढीग पडलेला होता आणि लेस्टर तो उपसून ट्रकमध्ये भरत होता. धूळ बसलेली असल्यामुळे जाऊबाईच्या टँकरला फारसं काम नव्हतं. ती वरच्या रस्त्यावर टँकर उभा करायची आणि भिंतीकडे बघत राहायची. भिंतीच्या मध्यावर एक काळी ओल होती. पाऊस जाऊन बरेच दिवस झाले होते, सगळा मुलूख वाळून खडखडीत झाला होता, पण ती ओल वाळत नव्हती. उलट खाली उतरत होती.

तिने वायरलेस उचलला. "पर्सी, त्यांना सांग, भिंत ओली आहे."

क्रशर चालू होता. पर्सीच्या कानात मशीन नव्हतं. त्याने ऐकलं तसं पुढे दिलं. "लेस्टर! वहिनी विचारते, भीती वाटली का?"



"भीती नाही रे मेल्या, भिंत! भिंत!" जाऊबाई ओरडली. पण तिचा आवाज आला तसा लेस्टरने वायरलेस बंद केला होता. परत चालू केला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "काका, त्यांना सांग, मला कसली भीती?" आणि लोडर पुढे घालून भिंतीच्या अगदी मुळातला दगड उकरायला लागला.

संध्याकाळी जाऊबाई माझ्याकडे आली ती पाय आपटतच.

"तुझ्या नवऱ्याचे कान उपटून टाक. नाहीतरी त्याला काय उपयोग आहे त्यांचा?"

मी पर्सीला सगळं समजावलं, हातवारे करून. पर्सी बिचारा तसाच लेस्टरकडे गेला आणि चूक सांगून आला. लेस्टर हसला म्हणे. "भिंत मला दिसते की काका. रेक्समामानं सांगितलंय तिथंच काढ म्हणून." पण ट्रकवाल्यांच्या तोंडाला तोवर खाद्य मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून सुरू.

"काय जावईबुवा, सासूला विचारलंत का, आज घाबरायचं की उद्या?"

"लोडरमध्ये एक उशी ठेव रे त्याच्या मागं, धक्का बसतो!"

लेस्टर हसण्यावारी न्यायचा, पण त्याचे कान लाल व्हायचे. सासूने आपल्याला भित्रा म्हटलं नाही हे त्याला कळलं होतं. सगळ्या खाणीने मात्र ते ऐकलं होतं, आणि ऐकलेलं परत घेता येत नाही. तो भिंतीखालून हलेना. जेवायलासुद्धा तिथेच लोडरच्या सावलीत बसायला लागला.

जाऊबाईने रेक्सला गाठलं. रेक्स माझ्या दुकानासमोर, चहाऐवजी गरम पाणी पीत टायरवर बसला होता.

"तिथून माणूस काढ."

"अक्का, दोन दिवस. दोनच दिवस."

"भिंत रडतीय, रेक्स. पाऊस थांबला, नदी उतरली, पण ती रडतीय. आत पाणी भरलंय."

"मग कुठं फोडू, तूच सांग. पोटाकडं फोडू? डोक्याकडं फोडू?"

जाऊबाईने डोंगराकडे पाहिलं.

"ते ट्रेलरवाले आले तर ते विचारणार नाहीत डोकं कुठलं अन् शेपूट कुठलं," रेक्स म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "परत धूळ खात बसायचं का आपण? मी बघून आलोय ती भिंत. टिकेल. ढीग संपला की सोडतोच आहे ना."

"तुझी पोरगी नाही विधवा होणार."

हे तिने इतक्या हळू म्हटलं की रेक्सला ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. मी शेजारीच होते. वाईट बोलणं तोंडातून बाहेर पडलं की ते ऐकायला कुणीतरी असतं, असं आमची जुनी माणसं मानतात. मीही मानते.

त्या रात्री वस्तीतली कुत्री डोंगराच्या बाजूला तोंड करून भुंकत राहिली. सकाळी जाऊबाईचा कुत्रा टँकरमध्ये चढेना. रोज शेजारच्या सीटवर बसून जाणारा कुत्रा, तिने मानगूट धरून आत घातला तरी पलीकडच्या खिडकीतून उडी मारून घरी पळाला.

"तुझीही कंबर धरली का रे?" ती त्याच्या मागून ओरडली आणि एकटीच गेली.

त्या दिवशी नदीवर खडी ओतायची होती. रेक्स सगळे ट्रक भरून घेऊन सकाळीच नदीकडे गेला. खाणीत तिघंच राहिली. पर्सी पलीकडच्या टोकाला क्रशरवर, कान झाकून. लेस्टर भिंतीखाली. जाऊबाई वरच्या रस्त्यावर.

उन्हं वर आली तेव्हा लोडरच्या पुढच्या हाताचा तेलाचा पाइप फुटला. गरम तेल उडालं आणि लोडरचं तोंड होतं तिथेच, ढिगात खुपसलेलं, अडकलं. लोडर मागे घेता येईना. लेस्टरने इंजिन बंद केलं आणि पाना घेऊन खाली उतरला. ढिगाच्या पलीकडे लगेच भिंत.

वरून जाऊबाईला सगळं दिसत होतं. आधी बोटाएवढे खडे निसटले. टपटप करत खाली आले आणि लोडरच्या टपावर वाजले. लेस्टरने मान वर केली नाही, क्रशरच्या घरघरीत त्याला ते ऐकू येण्यासारखं नव्हतं. मग भिंतीच्या माथ्यावर, जिथे गवताचे झुबके होते, तिथे एक रेघ दिसायला लागली. रेघ रुंदावली आणि झुबके डोंगरापासून वेगळे झाले.

"पर्सी! पर्सी, त्यांना सांग, बाहेर निघा! पर्सी!"

पर्सीकडून काही नाही. त्याच्याकडे जाऊन यायचं तर सगळ्या खाणीला वळसा घालावा लागला असता. तिने वायरलेस तोंडाशी धरला आणि शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघून बोलली. आमच्यात अगदीच अडलं तर असं करतात, कुत्र्याशी बोलायचं, झाडाशी बोलायचं, ज्याने ऐकायचं त्याने ऐकावं.

"ए कुत्र्या, वर बघ. ए कुत्र्या, पळ तिथनं. भिंत सुटली."

लेस्टरचा छोटा वायरलेस त्याच्या पट्ट्याला होता. तिचा आवाज आला. त्याने नेहमीसारखं खाली न बघता बोटाने बटण फिरवलं.

तिने भोंगा दाबून धरला. तो क्रशरच्याही वर गेला. लेस्टरने मान वळवली. सासूचा टँकर दिसला. त्याला वाटलं, तिला खाली यायचं असेल, आपण आड व्हावं. तो लोडरच्या चाकाआड सरकला.

मग ती टँकर उतारावरून खाली घेऊन आली आणि उतरून पायी चालायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा ती जावयाच्या अंगावर चालून गेली. हात हलवत होती, ओरडत होती. क्रशरच्या आवाजात त्याला शब्द ऐकू येत नव्हते. फक्त सासू तोंड उघडून आपल्याकडे येते आहे एवढं दिसलं, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय चुकलं आपलं? त्याने टोपी डोळ्यांवर ओढली, पाना उचलला, पाठ केली आणि तिच्यापासून लांब झाला.

लांब म्हणजे आत. ती रस्त्याच्या बाजूने आली होती, तो ढीग ओलांडून भिंतीकडे गेला.

जाऊबाई जागच्या जागी थांबली. तिने एक पाऊल पुढे टाकलं तर तो आणखी एक पाऊल आत जाणार होता. मागे फिरली तर तो तिथेच बसून काम करणार होता. त्याला चांगलं वळण लागलेलं होतं, ते तिला ठाऊक होतं. त्याच वळणाचं तिने चारचौघांत कितीदा कौतुक केलं होतं. वरून मुठीएवढा दगड आला आणि तिच्या पायाशी फुटला.

ती वळली. लेस्टरला वाटलं गेली. पण ती लोडरच्या मागून डाव्या बाजूला गेली, भिंतीच्या टोकाला पोचली आणि तिथून भिंतीच्या मुळाशी शिरली. खांदा दगडाला घासत, खाली मान घालून, ढिगाच्या पलीकडून ती त्याच्याकडे निघाली. आता भिंतीच्या बाजूला ती होती आणि रस्त्याची बाजू मोकळी होती.

लेस्टर उकिडवा बसला होता. त्याला आधी तिचे बूट दिसले, मग घागऱ्याचा काठ. भिंतीकडून. तो ताडकन उठला. पाना तिथेच पडला. मान खाली घालून तो ढीग चढला, उतरला, लोडरच्या बाजूने बाहेर पडला आणि रस्त्याकडे भराभरा चालत सुटला. त्याला राग आला होता. लाज वाटत होती. आता ही वस्ती सोडून जावं लागणार, बाळ झालं की जोनेलला घेऊन निघायचं, असं त्याच्या मनात चाललं होतं, हे त्याने मला नंतर सांगितलं. त्याने मागे वळून पाहिलं नाही. मागे सासू होती.

आधी जमीन हलली. मग आवाज आला.

पर्सीला ऐकू येत नाही, पण पायाखाली कळतं. त्याने क्रशर बंद केला आणि धावत सुटला. उत्तरेच्या बाजूला लाल-पांढरी धूळ उभी होती. धुळीच्या अलीकडे लेस्टर उभा होता, पाठ खाणीकडे, तोंड रस्त्याकडे, दोन्ही हात मुठी आवळून.

"काका," तो म्हणाला, "त्या आत होत्या."

लोडरचा मागचा भाग तेवढा दिसत होता. जाऊबाई सापडली ती लोडरच्या पुढच्या चाकाजवळ, छातीपर्यंत दगडांत. ढीग चढून परत निघण्याइतका वेळ तिला मिळाला होता, त्याहून जास्त मिळाला नव्हता. कपाळ फुटलं होतं. डोळे उघडे होते. वरून अजून खडे येत होते.

पर्सी गुडघ्यांवर बसला. लेस्टर त्याच्या शेजारी आला, पण सासूकडे बघायचं कसं? त्याने मान पूर्ण खांद्यामागे वळवली आणि नुसत्या हातांनी चाचपून दगड उपसायला लागला. त्याचे हात तिच्या अंगाला लागत होते. जे होऊ नये ते सगळं होत होतं. तो रडत होता आणि उपसत होता.

जाऊबाईचे ओठ हलले. पर्सीने आपला बरा असलेला कान त्यांना लावला.

"त्यांना सांग, डाव्या पायावरचा आधी."

लेस्टरचे हात तिच्यापासून वीतभरावर होते. आता क्रशर बंद होता, सगळी खाण चिडीचूप होती आणि त्याला तिचा शब्द न् शब्द ऐकू आला होता. तरी तो थांबून राहिला.

"वहिनी म्हणते, डाव्या पायावरचा आधी," पर्सी ओरडला.

लेस्टरने तो दगड काढला. "काका, त्यांना विचार, फार दुखतंय का."

"वहिनी, फार दुखतंय का?"

"त्यांना सांग, नाही." मग थोड्या वेळाने ती म्हणाली, "त्यांना सांग..."

पर्सी कान लावून बसला. त्याला वाटलं, आपल्यालाच ऐकू आलं नाही. त्याने कान आणखी टेकवला. ओठ गरम होते. त्यांतून वारा येत नव्हता. त्याने तिच्या नाकापुढे तळहात धरला आणि धरून ठेवला.

"काका, काय म्हणतात?"

पर्सीने लेस्टरकडे पाहिलं. मान मागे वळलेली, बोटांची नखं निघालेली, रक्तात भुकटी कालवलेली. वरून खडे पडतच होते. माझ्या नवऱ्याला लग्न झाल्यापासून एक खोटं धड बोलता आलेलं नाही.

"म्हणते, तो चपटा काढ."

लेस्टरने चपटा दगड चाचपून शोधला आणि काढला.

"आता?"

"त्याच्या शेजारचा."

"आता?"

नदीकडून रेक्सच्या गाडीची धूळ उठली होती. रेक्स पोचायला अजून वेळ होता.

"काका, विचार त्यांना, आता कुठला?"

पर्सीने जाऊबाईच्या तोंडाशी कान नेला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि मान वर करून लेस्टरला सांगितलं.